सत्रं नकोत, आमचा वेळ मोकळा सोडा: आमची काळजी घेणाऱ्या साहेब-मॅडमना खुलं पत्र

प्रति,
मनुष्यबळ विभागाचे प्रमुख, व्यवस्थापक, टीम लीडर आणि ज्यांच्या एका मेसेजवर दुसऱ्याची संध्याकाळ ठरते अशा सर्वांना,

स.न.वि.वि.

'स्वतःसाठी वेळ काढा' या विषयावरच्या ऑनलाइन सत्राचं निमंत्रण मिळालं. आभारी आहे. सत्र दुपारी एक ते दोन आहे, म्हणजे आमच्या जेवणाच्या सुट्टीत. कॅमेरा चालू ठेवायचा आहे, हजेरी लागणार आहे आणि शेवटी एक फॉर्म भरून द्यायचा आहे. निमंत्रण वाचून आमच्या विभागात कुणी चिडलं नाही, सगळे हसले. चिडले असते तर मला जरा बरं वाटलं असतं. ज्याच्याकडून अजून काही अपेक्षा असते त्याच्यावरच माणूस चिडतो.

कंपनीचं नाव लिहीत नाही. एक तर नोकरी टिकवायची आहे. दुसरं म्हणजे हे गाऱ्हाणं एका कंपनीचं नाहीच. वेगवेगळ्या ठिकाणी काम करणाऱ्या मैत्रिणींना निमंत्रण दाखवलं, तर प्रत्येकीकडे त्याचं एखादं भावंड निघालं. कुठे ध्यानाचा वर्ग, कुठे पावलं मोजायची स्पर्धा, कुठे कृतज्ञतेची डायरी, कुठे झोप मोजणारं ॲप. म्हणून पत्र तुम्हा सगळ्यांना एकत्रच लिहिते आहे.

या सत्रांत सांगतात ते चुकीचं नसतं, हे आधीच कबूल. सावकाश श्वास घेतला की धडधड कमी होते, थोडं चाललं की डोकं हलकं होतं, रात्री फोन लांब ठेवला की झोप बरी लागते. इतक्या वेळा ऐकलंय की सत्र घेणाऱ्या ताईंच्या आधी पुढची स्लाइड आम्हीच सांगू. अडचण अशी की हे करायला लागणारा वेळ आमच्या ताब्यात नसतो, आणि ज्यांच्या ताब्यात असतो ते सत्राला बसत नाहीत. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असा हा कारभार चालला आहे.

हे माझं एकटीचं मत असतं तर पत्र लिहिलं नसतं. २०२४ साली ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. २३३ संस्थांमधल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती त्यात होती. ताण हाताळण्याचं प्रशिक्षण, सजगतेचे वर्ग, झोपेची आणि मनःस्वास्थ्याची ॲप असं काही ना काही घेतलेले लोक आणि न घेतलेले लोक यांची तुलना केली, तर घेतलेले काही अधिक सुखी नव्हते. ही एका वेळची पाहणी होती, तिच्यावरून सगळंच सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही. पण अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने आपल्याच कर्मचाऱ्यांवर रीतसर प्रयोग केला होता. कुणाला आरोग्य कार्यक्रम द्यायचा आणि कुणाला नाही, हे अगदी चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. २०१९ मध्ये निष्कर्ष छापून आले: औषधोपचाराच्या खर्चात म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. त्या अभ्यासातली मला जास्त बोलकी वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. जे कर्मचारी आपणहून कार्यक्रमात सामील झाले, त्यांचा दवाखान्याचा खर्च कार्यक्रम सुरू होण्याआधीच कमी होता. म्हणजे जे आधीच धडधाकट आहेत, ज्यांना वेळ काढता येतो, तेच अशा ठिकाणी येऊन बसतात. ज्याला खरी गरज आहे तो त्या वेळी कुठल्या तरी फाइलीत मान घालून बसलेला असतो.

मी हिशेब विभागात आहे, तेव्हा हिशेबच मांडते. दिवसाचे चोवीस तास. मोठ्या माणसाला किमान सात तास झोप हवी, असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. आडवं होण्यापासून डोळा लागेपर्यंतचा वेळ धरून साडेसात. जेवणाच्या सुट्टीसकट कामाचे नऊ. जाण्यायेण्याचे दोन. उरले साडेपाच. आता घरकाम. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगात बाई दिवसाला सरासरी ४ तास २५ मिनिटं बिनपगारी घरकामात आणि घरच्यांचं करण्यात घालवते, तर पुरुष १ तास २३ मिनिटं. नोकरी करणारीचा आकडा जरा कमी असेल म्हणून चार तास धरू. उरला दीड तास. त्यात आंघोळ, सकाळ-रात्रीचं जेवण, मुलाच्या वहीवरची सही आणि आईला फोन. ज्या शिलकीतून मी 'स्वतःसाठी' काही काढायचं ती कागदावरच संपते. पुरुष सहकाऱ्यांचा ताळेबंद बरा दिसतो. तो कुणाच्या जिवावर बरा दिसतो, ते त्यांच्या घरी विचारावं.

घरातल्या वाटणीचं भांडण आमचं आम्ही निस्तरू, ते तुमच्या विभागात येत नाही. पण उरलेल्या त्या थोड्याशा वेळावर तुमचा हात कसा पडतो, ते दाखवते.

रात्रीचे नऊ-चाळीस झालेत. फोन वाजतो. "घाई नाही, सकाळी बघितलंस तरी चालेल. फक्त तिसऱ्या शीटमधला तो आकडा एकदा तपासशील का?" पाठवणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. डोक्यात आलं, सकाळपर्यंत विसरायला नको, म्हणून पाठवून दिलं. त्यांचं डोकं मोकळं झालं आणि ते ओझं माझ्याकडे आलं. मेसेज उघडला नाही तर काय असेल याची रुखरुख. उघडला तर निळ्या खुणा उमटतात, मग उत्तर न देणं उद्धटपणा ठरतो. "हो सर, बघते" एवढं लिहिलं की काम अधिकृतपणे अंगावर येतं. लॅपटॉप मी उघडत नाही, पण ओटा पुसताना तिसरी शीट डोळ्यांपुढे असते. मुलगा काहीतरी सांगत असतो, मी हं हं म्हणत असते. तो एकदा थांबून विचारतो, "मी आत्ता काय म्हणालो सांग." आकडा बहुतेक वेळा बरोबरच निघतो. मेसेज टाइप करायला त्यांना अर्धं मिनिट लागलं असेल. माझी रात्र साडेअकरापर्यंत ऑफिसातच गेली.

जर्मनीतल्या सबिने सोनेन्टाग या मानसशास्त्रज्ञांनी याच गोष्टीचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे: काम संपल्यावर माणूस मनानेही कामातून सुटतो का. जे सुटत नाहीत त्यांच्यात थकवा आणि झोपेच्या तक्रारी जास्त आढळतात. शरीर घरी पोचलं म्हणजे विश्रांती सुरू झाली असं होत नाही. फ्रान्सने २०१७ पासून पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेरच्या फोन-ईमेलबद्दल कर्मचाऱ्यांशी बोलणी करायला लावली. पोर्तुगालने २०२१ मध्ये मालकांवरच निर्बंध घातला: तातडीचं कारण नसेल तर कामाची वेळ संपल्यावर संपर्क करायचा नाही. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून, अवाजवी ठरत नसेल तर, अशा वेळी उत्तर न देण्याचा हक्क कायद्याने मिळाला. कायदे आले तर उत्तमच. पण तुमच्या ईमेलमध्ये 'सकाळी नऊला पाठव' अशी वेळ लावायची सोय आज, आत्ता आहे. बटण शोधायला जड जात असेल तर आमच्यातलं कुणीही दाखवेल, अर्थात कामाच्या वेळेत.

आता ज्या गोष्टीकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं तिकडे वळते. वेळ किती मिळतो यापेक्षा कसा मिळतो, याने जास्त फरक पडतो. मिटिंग दहा मिनिटं लवकर संपली, लिफ्टची वाट बघताना चार मिनिटं मिळाली, सिस्टीम बंद पडली म्हणून पाव तास मिळाला. महिन्याची बेरीज केली तर हे सुटे तुकडे भरपूर भरतील. काही गोष्टींना ते चालतातही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये व्यायामाबद्दलच्या सूचना सुधारल्या. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल हवी हे सांगितलंच, पण एका वेळी निदान दहा मिनिटं सलग व्हायला हवं ही आधीची अट काढून टाकली. म्हणजे जिना चढलो तेही जमेला धरायचं. पाणी प्यायला, मान फिरवायला, खिडकीबाहेर बघायला तुकडे पुरतात.

झोपेला मात्र तुकडे चालत नाहीत. डॉक्टरकडे जायला चालत नाहीत. कुणापाशी मन मोकळं करायचं तर पहिला अर्धा तास इकडचं तिकडचं बोलण्यातच जातो, खरं काय ते त्यानंतर बाहेर पडतं. आजारी वडिलांजवळ नुसतं बसायला, दुःख झालं असेल तर ते होऊ द्यायला, आणि काहीच न करता कंटाळायलाही सलग वेळ लागतो. तुमच्या सत्रांत याबद्दल कधी अक्षर निघत नाही. तिथे 'दोन मिनिटांत ताणमुक्ती' असते, 'खुर्चीत बसल्या बसल्या पाच व्यायाम' असतात. असं का, याचं माझं उत्तर साधं आहे: दोन मिनिटं द्यायला कंपनीला काही पडत नाही. सलग दुपार द्यायची झाली तर कुणाचं तरी काम दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागतं, एखादी तारीख पुढे ढकलावी लागते, वरच्या साहेबांना नाही म्हणावं लागतं.

आमच्यातल्या एकाच्या दाताची गोष्ट सांगते. त्याची परवानगी घेतली आहे. थंड पाणी लागलं की कळ यायची. कीड दाताच्या वरच्या कठीण थरात असते तोवर दुखत नाही. ती आत उतरली की थंड-गरम लागायला लागतं, आणि नसेपर्यंत पोचली की रात्ररात्र झोप येत नाही. त्याचा दात मधल्या टप्प्यावर होता. एका बैठकीत साफ करून भरता आला असता. पण दाताच्या डॉक्टरांची दिवसाची वेळ म्हणजे आमची ऑफिसची वेळ, आणि संध्याकाळच्या वेळा सगळ्याच नोकरदारांना हव्या असल्यामुळे भरलेल्या. अर्धी रजा टाकावी तर फॉर्ममध्ये 'कारण' हा रकाना. त्यात 'दात' लिहायला त्याला कसंसंच वाटलं. इथे माणसं ताप अंगावर काढून येतात आणि हा दातासाठी सुट्टी मागणार! तरी त्याने विचारलं. "महिनाअखेर होऊ दे" असं उत्तर मिळालं. महिनाअखेर झाली तर ऑडिट आलं. ऑडिट संपलं तोवर गाल सुजला होता. मग रूट कॅनाल, त्याच्या फेऱ्या, वर कॅप. सुरुवातीला जी अर्धी रजा मिळाली नाही, तिच्या कितीतरी पट रजा शेवटी गेली. आणि ज्या आठवड्यात तो सुजलेल्या गालाने आकडे तपासत होता, त्या आठवड्यात त्याने काय तपासलं असेल हे देव जाणे. मी ते आकडे नंतर पुन्हा तपासले, हे इथे सांगून टाकते.

त्या 'कारण' रकान्याचं तुम्ही करता काय, हा माझा खरोखरचा प्रश्न आहे. तो कुणी वाचतं का? वाचून कुणी ठरवतं का की दात चालेल पण डोळे चालणार नाहीत? मनाच्या डॉक्टरकडे जाणारा माणूस तिथे काय लिहीत असेल, याची कल्पना तुम्ही कधी केली आहे का? तो लिहितो 'वैयक्तिक', मग साहेब विचारतात "सगळं ठीक ना?" आणि तो म्हणतो "हो हो, घरचं काम होतं." ज्या कंपनीच्या भिंतीवर 'मनाच्या आरोग्याबद्दल मोकळेपणाने बोला' असं पोस्टर आहे तिथे हा संवाद घडतो. रकाना काढून टाका. त्यासाठी समिती नेमावी लागत नाही.

जास्त तास काम केल्याने काय होतं, याचाही अभ्यास झाला आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मिळून २०२१ मध्ये अंदाज प्रसिद्ध केला: आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम केल्यामुळे झालेल्या पक्षाघाताने आणि हृदयविकाराने २०१६ या एका वर्षात जगात ७ लाख ४५ हजार माणसं गेली. ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त, हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त. यातले बहुतेक मृत्यू साठ ते एकोणऐंशी या वयात झालेले होते, आणि त्या माणसांनी पंचेचाळीशीनंतर कधीतरी इतके तास काम केलेलं होतं. मला वाटतं सगळी मेख इथे आहे. माणूस तुमच्याकडे असताना पडत नाही. निरोपसमारंभ होतो, भाषणं होतात, 'त्यांनी कधी घड्याळाकडे पाहिलं नाही' असं कौतुक होतं, आणि पुढे काही वर्षांनी घरच्यांना रुग्णवाहिका बोलवावी लागते. तो खर्च तुमच्या कुठल्याच खात्यात दिसत नाही. दिसला असता तर जादा तासांकडे तुम्ही वेगळ्या नजरेने पाहिलं असतं.

बर्नआउट, म्हणजे कामाने पार पिचून जाणं, त्याबद्दलही हेच. जागतिक आरोग्य संघटनेने त्याला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा सततचा ताण नीट हाताळला न गेल्याने होणारी, कामाशीच जोडलेली स्थिती अशी तिची नोंद केली आहे. तरीही तुमच्या निमंत्रणात 'तुमचा बर्नआउट टाळा' असं लिहिलेलं असतं, जणू आम्ही तो घरून सोबत आणतो. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःचे, ही मागणी रॉबर्ट ओवेन यांनी १८१७ च्या सुमाराला मांडली. ते स्वतः गिरणीमालक होते, हे विशेष. दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालणारा आंतरराष्ट्रीय करार १९१९ चा आहे. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं चोविसावं कलम विश्रांतीचा आणि फुरसतीचा हक्क सांगतं. म्हणजे मी काही नवीन खूळ काढलेलं नाही.

इथवर मी ऑफिसात बसणाऱ्यांबद्दलच बोलले, ते पुरेसं नाही. आपल्याच इमारतीत रखवालदार आहेत, सफाई करणाऱ्या बाया आहेत, गाड्या चालवणारे आहेत. त्यांना सत्राचं निमंत्रणही जात नाही, कारण ते कंत्राटदाराचे. मी खालच्या रखवालदारांशी बोलले. त्यांची मागणी ऐकून मला माझीच लाज वाटली, इतकी ती साधी होती: पुढच्या आठवड्यात दिवसपाळी की रातपाळी, हे आधी कळावं. त्यांचा पाळीचा तक्ता आदल्या संध्याकाळी फोनवर येतो. त्यामुळे डॉक्टरची वेळ घेता येत नाही, मुलीच्या शाळेत येतो म्हणून सांगता येत नाही, सुट्टीच्या दिवशी कुणाकडे जायचं ठरवता येत नाही. दिवस सुट्टीचा असतो, पण तो आपला आहे हे तो सुरू होईपर्यंत माहीत नसतं. पाळ्या बदलत्या असल्या की झोपेचं चक्र आधीच बिघडलेलं असतं, त्यात ही टांगती तलवार. दोन आठवडे आधी तक्ता लावायला कंत्राटदाराला सांगणं तुमच्या हातात आहे. या पत्रातलं एकच काहीतरी करणार असाल तर माझ्या विभागाचं राहू द्या, आधी हे करा.

आमच्या बाजूचंही थोडं बोलायला हवं, नाहीतर पत्र एकतर्फी होईल. रात्री साडेअकराला सगळं आवरल्यावर आम्ही झोपत नाही, फोन घेऊन बसतो. एकाचे दोन वाजतात. सकाळी डोळे चुरचुरतात आणि संध्याकाळी पुन्हा तेच, मागचे पाढे पंचावन्न. हे नुकसान आमचं आम्ही करतो, त्याचा दोष तुमच्यावर ढकलणार नाही. पण असं का होतं ते समजून घ्या. ज्या दिवसात एकही तास आपल्या मर्जीचा नव्हता, तो दिवस तसाच संपवायला मन तयार होत नाही. झोपलं की लगेच उद्या. म्हणून त्या काळोखात माणूस काहीही बघत बसतो, कारण तिथे निदान त्याला कुणी काही मागत नाही. दिवसाउजेडी एखादा तास खरोखर मोकळा मिळाला तर या रात्रीच्या जागरणाची ओढ आपोआप कमी होईल, असा माझा अंदाज आहे. सगळ्यांची नाही होणार. काहींना फोनचंच व्यसन आहे, त्याला कंपनी काय करणार!

तुमचीही कोंडी मला दिसते. तुम्हालाही वरून रात्री मेसेज येतात. टीम लीडर म्हणजे दोन्ही बाजूंनी दाबला जाणारा माणूस. पण आमच्या साहेबांची गंमत बघा. ते सगळ्यांना सांगतात, "सहाला निघा, घर महत्त्वाचं", आणि स्वतः साडेआठपर्यंत बसतात. बाकीचे चुळबुळ करत सातपर्यंत थांबतात. ते रजेवर असतानाही मिटिंगला हजर होतात, मागे कुणाच्या तरी घरचा आवाज येत असतो, आणि "मी नाहीच आहे असं समजा" म्हणतात. त्यांच्या सांगण्याचा आमच्यावर काही परिणाम होत नाही. साडेआठपर्यंत जळणारा त्यांचा दिवा आम्ही बघतो. म्हणून सत्र घ्यायचंच असेल तर ते साहेबांसाठी घ्या, आणि विषय ठेवा: सहा वाजता बॅग उचलून सगळ्यांदेखत बाहेर कसं पडायचं.

काम कमी केल्याशिवाय तास कमी होत नाहीत, हे मलाही कळतं. आइसलँडमध्ये २०१५ ते २०१९ या काळात सरकारी नोकरीतल्या सुमारे अडीच हजार लोकांवर प्रयोग झाले. आठवड्याचे चाळीस तास पस्तीस-छत्तीसवर आणले, पगार कापला नाही. बहुतेक ठिकाणी काम तितकंच झालं किंवा जरा वाढलं. त्यांनी जादू केली नाही. मिटिंगा कमी आणि छोट्या केल्या, काही मिटिंगांच्या जागी ईमेल आणली, अनावश्यक कामं शोधून बंद केली, पाळ्यांची मांडणी बदलली. म्हणजे वेळ कर्मचाऱ्यांनी 'काढला' नाही. कामाची रचना करणाऱ्यांनी बसून तो मोकळा केला. आमच्याकडे सोमवारी जी आढावा मिटिंग होते तिच्यात पंधरा माणसं असतात आणि बोलतात तिघं. तिथून सुरुवात करता येईल. उरलेल्या बारा जणांना काय करायचं ते सत्राशिवाय सुचेल.

शेवटी रजेबद्दल, कारण सगळ्यात मोठी फसगत तिथे होते. कागदावर आमच्याकडे भरपूर रजा आहे. पण रजेवर गेलेल्याचं काम कुणी करायचं हे कुठेच ठरलेलं नसतं. त्यामुळे होतं असं की जाण्याआधीचा आठवडा माणूस दुप्पट राबतो, परत आल्यावरचा आठवडा साचलेलं उपसण्यात जातो, आणि मधल्या दिवसांत "फक्त एक विचारायचं होतं" म्हणून फोन येतच राहतात. चार दिवसांच्या रजेसाठी दोन आठवडे शिक्षा भोगावी लागते. मग माणूस रजा घेणंच सोडतो, ती साठत जाते, मार्चअखेरीस बुडते, आणि तुमच्या अहवालात छापून येतं की आमचे कर्मचारी फारशी रजा घेत नाहीत. रजेच्या फॉर्ममधला 'कारण' रकाना काढल्यावर जी जागा मोकळी होईल तिथे 'या दिवसांत काम कोण पाहणार' असा रकाना घाला. तो भरायचं काम रजा मागणाऱ्याचं नाही. ते साहेबांनी भरायचं, त्या माणसाला आधी विचारून आणि त्याचं त्या दिवसांचं तितकं काम बाजूला काढून. नवीन तिमाहीचे फॉर्म छापायला जाण्याआधी हा बदल होऊ शकतो. नमुना हवा असेल तर मी करून देते.

कळावे,

आपली,
हिशेब विभागातली एक कर्मचारी